अहिंसा सतरंजीपासून: योगाला नव्यानं बसणाऱ्यांसाठी

सात महिने मी लोकलमध्ये एका बाजूला कलून बसत होते. डोंबिवली ते सीएसएमटी, जागा मिळाली तरी. योगवर्गाच्या नवव्या दिवशी पश्चिमोत्तानासनात, म्हणजे पाय पसरून पुढं वाकलेली असताना, शिकवणाऱ्यांनी मागून पाठ दाबली. "अजून थोडं, अजून थोडं, जातंय की!" आणि उजव्या मांडीच्या मागं, बैठकीच्या हाडापाशी, टच् झालं. मी ओरडले नाही. शेजारच्या काकूंचं कपाळ गुडघ्याला टेकलेलं होतं. त्या साठीच्या पुढच्या, मी चाळिशीची. ओरडणार कोणत्या तोंडानं?

त्या हॉलच्या भिंतीवर अष्टांगयोगाचा तक्ता होता. पहिलं अंग यम, म्हणजे स्वतःला घालायचे निर्बंध, आणि यमांत पहिली अहिंसा. त्या तक्त्याखाली बसूनच मी स्वतःचा स्नायू दुखावून घेतला.

पुढं डॉक्टर, फिजिओथेरपी, बसताना खाली उशी, सगळं झालं. तिथला स्नायूबंध एकदा दुखावला की भरून यायला महिने घेतो. वर्षभरानं दुसऱ्या वर्गात गेले आणि पुन्हा पहिलीत बसले, त्याला आता सहा वर्षं झाली. मी योगशिक्षिका नाही. दिवसभर हिशेब तपासते. पण त्या पहिल्या नऊ दिवसांत हे कुणी सांगितलं असतं तर सात महिने वाचले असते, म्हणून लिहिते आहे.

## १. अहिंसेचा हिशेब आधी समजून घ्या

पतंजलींच्या योगसूत्रांत पाच यम आहेत: अहिंसा, सत्य, अस्तेय (चोरी न करणं), ब्रह्मचर्य, अपरिग्रह (साठवून न ठेवणं). आसन हे तिसरं अंग. म्हणजे सतरंजी अंथरायच्या आधी दोन अंगं येऊन गेलेली असतात. आणि १९५ सूत्रांत (काही प्रतींत १९६) खास आसनावर जेमतेम तीन सूत्रं आहेत. त्यातलं पहिलं, 'स्थिरसुखमासनम्', स्थिर आणि सुखाचं ते आसन. दुसरं सांगतं की प्रयत्न सैल सोडल्यानं ते साधतं. 'दाबा' असं एकाही सूत्रात नाही.

मला सगळ्यात आवडतं ते दुसऱ्या पादातलं, म्हणजे अध्यायातलं, ३४ वं सूत्र, कारण त्यात वर्गीकरण आहे. हिंसा तीन तऱ्हेची: स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली, आणि दुसरा करत असताना 'बरं झालं' म्हटलेली. कृत, कारित, अनुमोदित. प्रत्येकीमागं लोभ, क्रोध किंवा मोह. आणि प्रत्येकीची मात्रा सौम्य, मध्यम किंवा तीव्र. तीन त्रिक नऊ, नऊ त्रिक सत्तावीस.

माझा नववा दिवस यात घालून बघा. मी स्वतः ओढत होते: कृत. पाठ दाबून घेतली, नको म्हणाले नाही: कारित. आदल्या आठवड्यात दुसऱ्या एकीची पाठ दाबली गेली तेव्हा मी टाळ्या वाजवल्या होत्या: अनुमोदित. कारण तिन्हीकडे एकच, गुडघ्याला कपाळ टेकवायचा लोभ. आपण हिंसा म्हणजे तलवारबिलवार समजतो, पण योगवर्गात ती अशी येते, चांगल्या घरच्या माणसांकडून, सकाळी सहा वाजता.

## २. हे कागद काढून ठेवा

बरेच वर्ग सुरुवातीला फॉर्म भरून घेतात. त्यात 'काही आजार?' समोर आपण सवयीनं 'नाही' लिहितो. तसं करू नका. पहिल्या दिवशी बरोबर न्यायच्या गोष्टी:

- चालू असलेल्या गोळ्यांची यादी (बीपी, शुगर, थायरॉइड, रक्त पातळ करणाऱ्या)
- गेल्या वर्षभरातल्या ऑपरेशनचा डिस्चार्जचा कागद, सिझेरियन धरून
- मणक्याचा, गुडघ्याचा एक्स-रे किंवा एमआरआय असेल तर त्याचा रिपोर्ट. फिल्मची गुंडाळी न्यायची गरज नाही
- डोळ्यांत काचबिंदू असेल किंवा पडद्याचं काही असेल तर तो कागद
- हाडं ठिसूळ झाल्याचं निदान असेल तर तोही

काचबिंदू असलेल्यांनी डोकं खाली, पाय वर अशी आसनं करू नयेत, कारण डोळ्यातला दाब वाढतो. हाडं ठिसूळ असतील तर पाठीची कमान करून खोल पुढं वाकणं मणक्याला महाग पडू शकतं. बीपीवाल्यांनी श्वास कोंडून धरायचा नाही. गरोदर असाल किंवा तशी शक्यता असेल, तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा आणि गरोदरपणाचा वेगळा वर्ग बघा.

हॉलमध्ये सगळ्यांदेखत सांगायला संकोच वाटतो, कबूल. मग आदल्या दिवशी फोनवर सांगा. पण सांगा.

## ३. सामान: घरातलंच पुरतं

महागडी मॅट पहिल्या महिन्यात घेऊ नका. घसरणार नाही अशी साधी मॅट, नाहीतर फरशीवर सतरंजी चालते. फक्त उभ्या आसनांना सतरंजी सरकते, तेव्हा ती बाजूला करून अनवाणी फरशीवर उभं राहा.

याशिवाय लागतील: दोन सोलापुरी चादरी (घडी घालून बैठकीखाली, यासारखी गोष्ट नाही), एक जुनी सुती ओढणी किंवा पंचा, दोन जाड पुस्तकं किंवा लाकडी ठोकळे, हात नसलेली खुर्ची, आणि घरातली एक मोकळी भिंत. ही शेवटची गोष्ट मुंबईकडच्या घरांत सगळ्यात दुर्मिळ. आमच्याकडे ती कपाट आणि दाराच्या मध्ये अडीच फूट आहे, तेवढी पुरते.

पट्टा, ठोकळा, खुर्ची, लोड घेतला की काहींना कमीपणा वाटतो. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांनी हीच साधनं घेऊन आसनं शिकवली आणि ती पद्धत जगभर गेली. कुबडी म्हणायची असेल तर म्हणा. माझ्या मांडीला ती कळली.

## ४. वर्ग कसा पारखाल

आपल्याकडे परंपरा जुनी आहे. सांताक्रूझची 'द योगा इन्स्टिट्यूट' १९१८ सालची, लोणावळ्याचं कैवल्यधाम १९२४ सालचं. पण रोज सकाळी लोणावळ्याला कोण जाणार? आपल्याला सोसायटीचा हॉल, वाचनालयाची गच्ची, नाहीतर देवळाचा सभामंडप. तिथं एक दिवस नुसतं बसून बघायला मिळेल का, हे विचारा. 'नाही' म्हणाले तर तिथंच उत्तर मिळालं.

बसून काय बघायचं? शिकवणारी व्यक्ती नव्या माणसाला दुखण्याखुपण्याचं विचारते का. एकाच आसनाचे दोन-तीन सोपे पर्याय सांगते का, आणि सोपा पर्याय घेणाऱ्याकडे कशी बघते. हात लावण्याआधी विचारते का. शवासनाला किती वेळ देते. दोन मिनिटांत उठवत असतील तर तिथं घाई आहे. आणि हशा कशावर पिकतो. एका वर्गात एका जाड मुलाच्या वृक्षासनावर (एका पायावर तोल सांभाळायचं आसन) विनोद झाला आणि पाठीमागच्या बायका हसल्या. मी चपला घातल्या.

आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाचं किंवा जुन्या संस्थेचं प्रमाणपत्र आहे का, हे विचारायला लाजू नका. असलं तर चांगलंच. पण पाठ दाबणारा हात प्रमाणपत्रवाल्याचाही असू शकतो. म्हणून एक वाक्य पाठ करून ठेवा: "मला हात लावून दुरुस्त करू नका, तोंडी सांगा." पहिल्यांदा म्हणताना माझा घसा कोरडा पडला होता. बाई म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत," आणि पुढं गेल्या. एवढंच होतं ते.

वर्षाची फी एकदम भरू नका. पैसे वसूल करायला म्हणून दुखऱ्या गुडघ्यानं जाणारी माणसं मी पाहिली आहेत.

## ५. ताण आणि कळ वेगळी ओळखा

एका दिवशी एवढं एकच शिकायचं असेल तर हे शिका.

ताण स्नायूच्या मध्यावर येतो, पसरट असतो, आसन सोडलं की विरतो. त्यात श्वास घेता येतो. कळ सांध्यापाशी किंवा हाडाजवळ येते आणि बोट ठेवून दाखवता येते. सुईसारखी टोचते, नाहीतर करंट मारल्यासारखी जाते. मुंग्या, बधिरपणा, डोळ्यांपुढं अंधारी, कानात दडा हे सगळे कळेचेच भाऊबंद. ताणापाशी थांबून राहता येतं. कळ आली की त्याच क्षणी, पण झटका न देता, मागं यायचं.

मोजमाप कोणतं? श्वास. नाकानं, आवाज न करता, लांब श्वास सोडता येतोय तोवर तुम्ही हद्दीत आहात. तोंड उघडलं, दात आवळले, श्वास कोंडला, की हद्द ओलांडली. तिथून चार बोटं मागं या. आरशापेक्षा हे माप खरं. आरशात शेजारीण पण दिसते.

दुसऱ्या दिवशी अंग आंबलं तर घाबरू नका, दोन-चार दिवसांत जातं. सांधा दुखत राहिला, सुजला, किंवा कळ हातापायात उतरली, तर आसन बंद आणि डॉक्टर सुरू.

आता माझं ते कुप्रसिद्ध पश्चिमोत्तानासन, नीट. सोलापुरी चादरीच्या चार घड्या करून तिच्या कडेवर बसा, म्हणजे कंबर मागं ढासळत नाही. पाय पुढं. गुडघे किंचित वाकवा, हवं तर खाली गुंडाळलेला टॉवेल ठेवा. ओढणी तळपायांना अडकवून दोन्ही टोकं हातात धरा. श्वास घेताना छाती वर. श्वास सोडताना कमरेच्या सांध्यातून पुढं, पाठीची कमान न करता. दोन इंच गेलात? तेच तुमचं आसन. ओढणीनं स्वतःला ओढायचं नाही. ती लगाम नाही, हात लांब करायची सोय आहे. पाच श्वास थांबा आणि परत या. बैठकीच्या हाडापाशी काही टोचलं तर गुडघे अजून वाकवा, आणि तरी टोचलं तर हे आसन महिनाभर विसरा. पाठीवर झोपून एक पाय वर, तळपायाला तीच ओढणी, असं केलं तरी काम तेच होतं.

## ६. पहिल्या दोन महिन्यांचा वीस मिनिटांचा क्रम

पोट रिकामं हवं. जेवणानंतर तीन-चार तास गेलेले असावेत. चहा पिऊन अर्ध्या तासानं चालतं. सकाळी अंग आखडलेलं असतं, संध्याकाळी मोकळं, त्यामुळं सकाळी जमत नाही म्हणून खट्टू होऊ नका.

१. सुखासन, दोन मिनिटं. मांडी घालून, बैठकीखाली घडी. गुडघे हवेत राहत असतील तर दोन्हीकडे उशा. मांडी घालताच येत नसेल तर खुर्चीवर.

२. ताडासन, पाच श्वास. पायांत थोडं अंतर. वजन टाचा आणि चवड्यांवर सारखं. फक्त उभं राहणं आहे, पण आपण किती वर्षं एकाच पायावर भार टाकून उभे आहोत ते इथं कळतं. मला कळलं, उजव्या खांद्यावर पर्स.

३. मार्जारासन, आठ-दहा वेळा. मांजरासारखं हात आणि गुडघे टेकून. गुडघ्यांखाली घडी घातलेला टॉवेल. श्वास घेताना पाठ खाली, सोडताना वर. मनगट दुखत असेल तर मुठी टेकवा.

४. भुजंगासन, तीन वेळा. पालथं झोपून, हात छातीशेजारी, कोपरं वाकलेली. छाती पाठीच्या बळावर उचला. हातांनी ढकलू नका. बेंबी जमिनीला लागलेली राहू द्या. कमरेत टोचलं की उंची कमी.

५. शशांकासन, दहा श्वास. वज्रासनात (गुडघे दुमडून टाचांवर) बसून पुढं, कपाळ खाली. कपाळ जमिनीला लागत नसेल तर एकावर एक दोन पुस्तकं. वज्रासनात गुडघा तक्रार करत असेल तर टाच आणि बैठकीच्या मध्ये उशी.

६. सेतुबंधासन, तीन वेळा. पाठीवर झोपून गुडघे वाकवून कंबर वर. मान इकडेतिकडे वळवायची नाही.

७. पाठीवर झोपून पाय भिंतीवर, तीन मिनिटं. ऑफिसातून आल्यावर दुसरं काही केलं नाही तरी हे करा. बीपी किंवा काचबिंदू असेल तर भिंतीऐवजी पोटऱ्या खुर्चीवर ठेवा.

८. शवासन. त्याला खाली वेगळा रकाना दिलाय.

आमच्या बाईंची एक सवय सांगते. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेवर मोठा विस्तार आहे, आणि अहिंसक माणूस चालतो कसा ते माउली सांगतात: कमळावर भुंगा पाय ठेवतो तसा हळुवार, केसर चुरगळेल या शंकेनं. भिंतीवरून कुणी धाडकन पाय खाली टाकले की बाई मान न वळवता म्हणतात, "भुंगा!" सगळ्यांना कळतं. आसनात जाताना आपण सांभाळून जातो, पण बाहेर येताना घाईत असतो, आणि कमरेत उसण बाहेर येतानाही भरते. आता घरी मिक्सरचं भांडं आपटलं तरी मुलगा म्हणतो, "आई, भुंगा."

## ७. जिथं माणसं फसतात

पद्मासन. फोटोत योग म्हणजे पद्मासन. पण ते खुब्याच्या सांध्याचं आसन आहे. खुबा वळत नसेल आणि तरी पाय उचलून मांडीवर ठेवला, तर तो पीळ गुडघ्यात जातो, आणि गुडघ्याची घडण पीळ सोसायची नाही. हातानं पाय धरून ओढावा लागतोय याचा अर्थ आज नाही.

सूर्यनमस्कार. महाराष्ट्रात हा भावनेचा विषय आहे. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी तो घराघरात नेला, शाळेत आपण घातले, आणि रथसप्तमीला कुठं ना कुठं १०८ असतात. त्यामुळं वर्षभर न हललेला माणूसही पहिल्याच दिवशी बारा घालतो आणि दुसऱ्या दिवशी त्याला शर्ट घालता येत नाही. दोनपासून सुरू करा. हळू. आठवड्याला एक वाढवा. अष्टांग नमस्कारात (पालथं होऊन छाती-कपाळ टेकायची स्थिती) छाती धपकन पडत असेल तर आधी गुडघे टेकवा. बाराचा आकडा देवाचा आहे, खांदा तुमचा.

कपालभाती टीव्हीवर बघून. बीपी, हृदयविकार, हर्निया, पोटाचं ऑपरेशन, गरोदरपण यांत करायची नाही. बाकीच्यांनीही समोर शिकवणारं कुणी असताना शिकावी. नवशिक्याला भ्रामरी पुरते: कान बंद, ओठ मिटून भुंग्यासारखा गुंजारव, पाच वेळा. हासुद्धा भुंगाच.

शीर्षासन, सर्वांगासन, हलासन: सहा महिने नावही काढू नका. मानेवर भार घ्यायचा तर आधी मान आणि खांदे तयार हवेत.

पाळीचे दिवस. कुणी म्हणेल काहीच करू नका, कुणी म्हणेल सगळं करा. पाय वर करणारी आसनं परंपरेनं टाळतात. मी पहिले दोन दिवस शशांकासन आणि शवासन एवढंच करते, आणि वर्गात कारण सांगत नाही.

अजून एक फास, तोंडातून निघणारा. "बारीक झालात हं!", "एवढंही वाकता येत नाही?", "तुमच्या वयाला छान जमतं." पहिलं वाक्य मी एकदा कौतुकानं एकीला म्हणाले. ती आजारपणातून उठली होती. तेव्हापासून वर्गात दुसऱ्याच्या शरीरावर मी काही बोलत नाही, चांगलंसुद्धा.

## ८. शवासन वगळू नका

डबा भरायचाय, गाडी गाठायचीय, म्हणून नवीन माणूस शवासनाला चटई गुंडाळतो. निदान पाच मिनिटं द्या. गुडघ्यांखाली लोड, अंगावर चादर, डोळ्यांवर ओढणी. पायाच्या बोटांपासून वर येत एकेक अवयव सैल सोडा. झोप लागली तर लागू द्या, घोरलात तर शेजारीण सांगेल.

दुखऱ्या जागेपाशी आलात की मी करते ते करून बघा. तिला रागवायचं नाही. माझी उजवी मांडी मला वर्षभर शत्रू वाटत होती, 'हिच्यामुळं सगळं अडलं' म्हणून. मग एक दिवस लक्षात आलं की टच् झालं ते तिनं केलं नव्हतं. तेव्हापासून तिथं आले की एक लांब श्वास सोडते आणि पुढं जाते. यानं स्नायू बरा होतो असा माझा दावा नाही. दुसऱ्या दिवशी मी तो कमी ओढते, एवढं खरं.

उठताना उजव्या कुशीवर वळा, तिथं थांबा, हाताच्या आधारानं बसा. भुंगा.

## ९. हॉलमधून बाहेर: चार भावनांचा सराव

पहिल्या पादातलं ३३ वं सूत्र नवशिक्याला फार उपयोगी आहे. सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, पुण्यवानाविषयी मुदिता म्हणजे आनंद, आणि अपुण्यवानाची उपेक्षा. अशा भावनेनं चित्त प्रसन्न होतं. मराठीत 'उपेक्षा' म्हणजे हेळसांड झाली आहे, इथं तो अर्थ नाही. इथं उपेक्षा म्हणजे मनात घेऊन न बसणं.

सराव कुठं करायचा? माझी प्रयोगशाळा सकाळच्या लोकलचा लेडीज डबा. तिघींच्या बाकावर चौथी बसते ही मुंबईची रीत. चौथ्या सीटवर अर्धीच टेकते, एक पाय पॅसेजमध्ये. एकदा ठाण्याला एक मुलगी चढली, म्हणाली, "जरा सरका ना." मी पहिल्या सीटवर, खिडकीशी. माझी मांडी दुखत होती आणि मनात तयार उत्तर होतं: "सरकायला जागा कुठंय?" त्याच वेळी मधली बाई तेच बोलली, माझ्यापेक्षा कडक शब्दांत, आणि मला बरं वाटलं. अनुमोदित! सत्तावीसपैकी एक, सकाळी आठच्या आत.

मी चार बोटं सरकले. चारच. तिघी चार-चार बोटं सरकल्या की एक माणूस बसतो, हा हिशेब लोकलमध्ये बसतो. मुलगी बसली आणि दादरला उतरली. मधली बाई शेवटपर्यंत कपाळावर आठ्या घेऊन बसली होती. तिची उपेक्षा मला जमली नाही, सीएसएमटीपर्यंत मनात तिच्याशी भांडत होते.

म्हणून आठवड्याला एकच भाव घ्या. मुदितेपासून सुरुवात करायची तर वर्गातच संधी आहे: ज्या काकूंचं कपाळ गुडघ्याला टेकतं त्यांच्याकडे बघून, ओठ न मुरडता, 'छान' वाटून घेणं. मला चार महिने लागले.

राग उसळला तर काय करायचं यावरही सूत्र आहे, 'वितर्कबाधने प्रतिपक्षभावनम्': मनात उलटा विचार आला की त्याच्या विरुद्ध बाजूचा विचार करायचा. मी याचं घरगुती रूप केलंय. मुलावर ओरडायच्या आधी तीन लांब श्वास बाहेर सोडायचे आणि 'याचं पुढं काय होणार?' एवढं विचारायचं. दहापैकी चारदा ओरडणं टळतं. सहादा ओरडते, आणि मग 'माझं चुकलं' म्हणते. अहिंसा स्थिर झालेल्या माणसाजवळ वैर गळून पडतं असंही पतंजली म्हणतात. लेडीज डब्यात अशी कुणी भेटली तर मी कळवेन.

गिळून टाकलेला राग मात्र अहिंसेत धरू नका. घरात कुणी मारत असेल, ऑफिसात कुणी छळत असेल, तिथं 'मी योग करते, मी सहन करते' हे चालणार नाही. स्वतःवरची हिंसा चालू ठेवणं ही कारित हिंसा झाली. तक्रार करा, मदत मागा, ती जागा सोडा.

## १०. ताटाचा प्रश्न

महिनाभरात कुणीतरी विचारणारच: "आता मासे सोडले असतील ना?"

मी मालवणकडची. मी अकरा दिवस सोडले. त्या अकरा दिवसांत जेवताना मी घरच्यांना अहिंसेवर व्याख्यानं दिली. बाराव्या दिवशी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले, तर सासूबाई ओट्याकडे तोंड करून, उभ्यानंच, तळलेला बांगडा खात होत्या. माझी चाहूल लागली तशी ताटलीवर झाकण ठेवलं. माझ्या अहिंसेनं ऐंशी वर्षांच्या बाईला चोरून जेवायला लावलं होतं.

सूत्रांवरच्या व्यासभाष्यात एक दाखला आहे, मच्छीमाराचा. त्याची हिंसा फक्त माशांपुरती, इतर कुणाची तो करत नाही. ही मर्यादित अहिंसा. जात, देश, काळ, प्रसंग यांची कसलीच अट नसलेली अहिंसा म्हणजे महाव्रत. भाष्यकार मच्छीमाराला हाकलत नाहीत, तो कुठल्या पायरीवर आहे ते सांगतात. नवशिक्यानं यातून आपली पायरी ओळखावी. मांसाहार सोडायचा असेल तर स्वतःच्या ताटातून, मुकाट्यानं, हळूहळू. नसेल तर वर्गात त्यावरून कुणी कमी लेखत असेल तिथं कलम ४ वाचा.

हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात मासे आणि मांस वर्ज्य सांगितलंय, हे खरं. त्याच यादीत दही, ताक, कुळीथ, हिंग आणि लसूणही आहे. मला मासे सोडायला सांगणाऱ्यांपैकी ताकाची वाटी खाली ठेवलेली अजून कुणी पाहिली नाही. मिताहाराची तिथलीच व्याख्या मात्र सगळ्यांना पेलेल अशी आहे: पोटाचा चौथा हिस्सा रिकामा ठेवून उठायचं.

## ११. खाडा पडला तर

पडतोच. पावसाळ्यात, परीक्षांच्या दिवसांत, गणपतीत. खाड्यानंतर स्वतःला शिक्षा म्हणून दुप्पट करू नका. हठप्रदीपिकेत योग बिघडवणाऱ्या सहा गोष्टी आहेत. त्यात अति खाणं, अति श्रम, अति बडबड यांच्याबरोबर नियमांचा हट्टही मोजलेला आहे.

एका आठवड्याचा खाडा असेल तर नेहमीच्या निम्म्यानं सुरू करा. महिन्याचा असेल तर कलम ६ पहिल्यापासून. ताप येऊन गेला असेल तर आधी तीन दिवस फक्त सुखासन आणि शवासन. वर्गात परत गेलात की "कुठं होतात इतके दिवस?" असं चार जणी विचारतील. मी हसून मागच्या रांगेत, भिंतीजवळ सतरंजी टाकते. मागची रांग बरी, तिथून कुणाचं कपाळ कुठं टेकलंय ते दिसत नाही.